पाचपैकी

कुताइसीत, रिओनीवरच्या पांढऱ्या पुलाअलीकडे माझं दुकान.
दुकान कसलं, दोन माणसं उभी राहिली की भरलं.
मोबाइलच्या काचा, कव्हरं, चार्जर
आणि एक टेबलफॅन, जो फक्त डावीकडेच मान वळवतो.

जुमबेर मास्तर आले मार्चमध्ये.
तीस वर्षांनी. कोट तोच, किंवा त्याचा सख्खा भाऊ.
सातवीत वनस्पतिशास्त्रात
मला पाचपैकी दोन देणारे मास्तर.
म्हणाले, 'नात पोलंडला असते, तिनं फोन धाडलाय.
फोटो काढला की हा म्हणे वस्तू ओळखतो.
खरं का रे?'

मी शेजारच्या नाझिब्रोलाच्या टोपलीतलं एक फूल
कॅमेऱ्यापुढे धरलं.
वर्तुळ फिरलं. झेंडू, म्हणाला फोन.
'कुठला झेंडू?' मास्तर फोनवरच खेकसले,
'आमच्या रश्श्यात पडतो तो, की कबरीवर लावतात तो?'
फोन गप्प.
खाली नुसती बियांची पाकिटं, पिवळे पडदे,
एक पिवळी आंघोळीची टोपी.
मास्तरांनी खिशातून वही काढली,
पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं
आणि फोनला तीन दिले.

मग दर मंगळवारी यायला लागले.
नेच्याला चार, कारण नेच्यात भलेभले आपटतात.
तंबाखूच्या पानाला पालक म्हणाला त्या दिवशी
फोनला शून्य, आणि मला तासभर प्रवचन.
एकदा कसल्याशा काटेरी रोपाखाली
फोननं लिहिलं, खात्री बासष्ट टक्के.
मास्तर कितीतरी वेळ ते बघत राहिले.
'इतका प्रामाणिक विद्यार्थी जन्मात मिळाला नाही मला.
तुम्ही सगळे शंभर टक्के चुकायचात.'

जूनमध्ये त्यांच्या फोनची जागा भरली.
फोटो निघेनात. मी उघडून बसलो.
पानं, पानं, अक्रोडाचं फूल, शेवाळ,
आणि मग

कंगवा.
कात्री, फ्लॅशच्या उजेडात, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी.
चिमटा.
दाराची कडी, तीन वेळा.
मीठदाणी.
एक पाय, मोज्यातला, बहुधा चुकून.
पुन्हा कंगवा.

वही काउंटरवर उघडीच पडली होती.
तिला दोन रकाने होते, हे मला तेव्हा दिसलं.
एकावर लिहिलेलं, तो.
दुसऱ्यावर, मी.
पानाफुलांपुढे 'मी'ला पाच, पाच, पाच,
लॅटिन नावांसकट.
कात्रीला दोन.
कडीला एक, खोडून दोन, खोडून परत एक.
मास्तर स्वतःलाही कधी वाढवून गुण देत नसत.

मी काय बोलणार. एक केबल गुंडाळली,
सोडली, परत गुंडाळली.
मोठं कार्ड घातलं. काही पुसलं नाही.

त्यांनी फोन हातात घेतला
आणि थेट माझ्यावर रोखला.
वर्तुळ फिरलं.
पुरुषांचा चौकड्यांचा शर्ट, पंचेचाळीस लारी, घरपोच मोफत.
मास्तर हसले. खोकला येईपर्यंत हसले,
नाझिब्रोला टोपली सोडून बघायला आली.
फोनला दोन.

मग पेन्सिल दुसऱ्या रकान्यावर गेली
आणि तिथंच उभी राहिली.
पंखा डावीकडे गेला, अडकला,
कट् कट् करत परत आला.

'खिडकीकडचा शेवटचा बाक,' ते म्हणाले.
'प्रयोगासाठी भिजत घातलेल्या सूर्यफुलाच्या बिया
ज्यानं खाऊन टाकल्या, तो.'

'पाच द्या, मास्तर.'

'तीन,' म्हणाले. 'नाव अजून यायचंय.'

पुढच्या खेपेला ते बुधवारी आले.
दारातूनच विचारलं, 'आज मंगळवार ना?'
मी शटर अजून अर्धंच उचललं होतं.
म्हणालो, 'बासष्ट टक्के.'